ज्या वाद्यांच्या पोटात जीव असतो

आपण वाद्य ‘वाजवतो’ असे म्हणतो. पण हात बसला की तेच वाद्य ‘बोलते’ असेही म्हणतो. बेटांवरील मूळनिवासी समाजांच्या वाद्यांविषयी वाचताना मला हे दुसरे क्रियापद वारंवार आठवते, कारण तिथे ते नुसते अलंकारिक राहत नाही.

जपानच्या उत्तरेला असलेल्या साखालिन बेटावरील मूळनिवासी ऐनू लोकांचे तोंकोरी हे तंतुवाद्य पाहा. सुमारे सव्वा मीटर लांब, अरुंद आणि बहुधा पाच तारांचे. तार दाबून सूर बदलण्याची पद्धत नाही. दोन्ही हातांनी मोकळ्या ताराच छेडायच्या, त्यामुळे सगळी धून त्या पाच सुरांतच बसवावी लागते. वाद्याच्या भागांना डोके, मान, कान अशी शरीराचीच नावे आहेत, आणि पोकळी झाकण्यापूर्वी आत एक मणी किंवा खडा सोडतात. तो त्या वाद्याचा आत्मा. दुसऱ्या महायुद्धानंतर साखालिनचे बहुतेक ऐनू जपानच्या होक्काइदो बेटावर आले आणि तोंकोरी वाजवणारे हात विरळ झाले. पुढे ऐनू वादक ओकी कानो यांनी ते विजेच्या वाद्यांच्या ताफ्यात आणून बसवले. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली तरी मला त्यात काही वावगे वाटत नाही.

न्यूझीलंडच्या माओरींचा पुटोरिनो याहून विलक्षण आहे. लाकूड उभे चिरून, दोन्ही अर्धे कोरून पुन्हा वेलींनी बांधलेली ही नळी मध्ये फुगीर असते, कारण तिचा आकार पतंग जातीच्या एका कीटकाच्या काड्यांच्या कोशावरून घेतला आहे. त्या जातीच्या मादीला पंख फुटत नाहीत आणि ती जन्मभर कोशातच राहते. माओरी कथेप्रमाणे ती हिनेराउकाटाउरी, बासरीची देवता. आपल्या बासरीवर तिचा इतका जीव जडला की ती तिच्यातच राहायला गेली. टोकाला ओठ लावून तुतारीसारखे फुंकले तर पुटोरिनोतून पुरुषाचा आवाज येतो आणि बासरीसारखे फुंकले तर स्त्रीचा.

विसाव्या शतकात ही वाद्ये बहुतांशी संग्रहालयांच्या काचेआड गेली होती. माओरी संगीतकार हिरिनी मेलबर्न आणि वादक रिचर्ड नन्स (नन्स स्वतः माओरी नव्हते) यांनी वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, जुनी वाद्ये हाती घेऊन फुंकून पाहिली, आणि 1994 साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. पतंगाच्या मादीचे ते गाणे त्या ध्वनिमुद्रिकेमुळे न्यूझीलंडबाहेरही पोहोचले.