तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पेशी बंद का करत नाही?

यकृताला इजा करणाऱ्या पेशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या असतील, तर औषध देऊन त्या बंद का करत नाही, हा प्रश्न मला वॉर्डाच्या दारात, फोनवर आणि ओळखीच्यांच्या घरीही विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा रात्रभर वाचन केलेले असते, आणि माझे दोन वाक्यांतले उत्तर त्याला टाळाटाळ वाटते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न मुळीच मूर्खपणाचा नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच आपल्या यकृतावर उलटते त्या आजारात, आम्ही नेमके हेच करतो आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड व अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध यांनी बहुतेक रुग्णांचा दाह आटोक्यात येतो. पण हिपॅटायटिस बीचे पाहा: तिथे यकृताच्या पेशी मुख्यतः विषाणू मारत नाही, आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी मारतात; तरीही त्यांना दाबले की विषाणू उसळी घेतो, आणि म्हणूनच रिटुक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी करावीच लागते.

अल्कोहोलिक हिपॅटायटिस, म्हणजे दारूमुळे होणारा यकृताचा दाह, या दोहोंपेक्षा अवघड आहे. चाळिशीतला एक रुग्ण गडद कावीळ घेऊन दाखल झाला होता आणि आम्ही त्याला प्रेडनिसोलोन सुरू केले. त्याचा थोरला भाऊ रोजचे बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती आहे हे सांगणारा रक्तातला आकडा, एका छोट्या वहीत मांडून ठेवत असे. सातव्या दिवशी आकडा 18 वरून 21 वर गेला होता, आणि स्टेरॉइड लागू पडते आहे की नाही हे सातव्या दिवशी सांगणारा लिल स्कोअर 0.45 या मर्यादेच्या बराच वर आल्यामुळे आम्ही स्टेरॉइड थांबवायचे ठरवले. भावाने वही मिटली आणि म्हणाला, "डॉक्टर, या पेशींनी यकृत पेटवलंय, असं तुम्हीच सांगत होतात. मग आग विझायच्या आत पाणी का बंद करताय?" मी त्याला सांगितले की ज्याला या औषधाचा उपयोग होत नाही, त्याच्या वाट्याला पुढे फक्त जंतुसंसर्गाचा धोका उरतो. त्याने त्याच दिवसाच्या रिपोर्टवर बोट ठेवले: पांढऱ्या पेशी 19,000, त्यातही न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशी भरमसाट. त्या मूळ आजाराने वाढल्या होत्या, स्टेरॉइडमुळे वाढल्या होत्या की कुठे संसर्ग सुरू झाला होता, हे त्या कागदावरून मला सांगता येत नव्हते, आणि तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. पुढे न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या आठवड्यात रुग्ण दगावला. कागदपत्रे घ्यायला आलेल्या भावाने एकच विचारले, "औषध बंद केलं म्हणून, की सुरू केलं म्हणून?" आजार फार पुढे गेलेला होता, असे मी म्हणाले. ते खरेच होते, पण त्याने ते विचारले नव्हते.

ज्यांना बंद करा असे तुम्ही म्हणता, त्याच पेशींवाचून यकृत धड भरून येत नाही, ही खरी अडचण आहे. उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापला की आतल्या कुपफर पेशी, म्हणजे यकृतातल्या प्रतिकारपेशी, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-6 ही दाहाचे संदेश देणारी प्रथिने सोडतात, आणि त्या इशाऱ्यावर उरलेल्या यकृतपेशी विभाजनाला तयार होतात. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-6 नव्हते, त्यांच्यात ही वाढ खुंटली, हे 1996 साली दिसले. 2005 मधला प्रयोग तर मला अजून अस्वस्थ करतो. रसायन देऊन यकृताला इजा चालू असताना मॅक्रोफेज (कुपफर पेशी ज्या जातीच्या, त्या भक्षक प्रतिकारपेशी) काढून टाकले तेव्हा तंतुमय व्रण कमी झाला. इजा थांबल्यानंतर, यकृत सावरत असताना काढले तेव्हा तो व्रण विरघळायचाच राहिला.

शिकत असताना मी टीएनएफला सरळ शत्रू मानत असे. अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये तो रक्तात वाढलेला असतो, तेव्हा तो अडवावा, इतका साधा हिशेब. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 48 रुग्णांच्या चाचणीत एटानरसेप्ट हे टीएनएफ अडवणारे औषध देऊन तेच केले गेले आणि सहा महिन्यांत औषध घेतलेल्या गटात सुमारे 58 टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे 23 टक्के रुग्ण मरण पावले. तरीही माझ्यातली ती विद्यार्थिनी आजही माझ्याशी वाद घालते: औषध वाईट होते, की वेळ चुकली? औषधाचा मारा अधिक काळ चालला, की संसर्गाने घात केला? तिला निरुत्तर करील असे माझ्याकडे काही नाही. उलट बाजूने, पेशी वाढवून पाहाव्यात म्हणून जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध देऊन झाले. 2021 मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत यकृत अचानक ढासळलेल्या रुग्णांना त्याचाही फायदा झाला नाही.

तेव्हा पेशी दाबता येत नाहीत, असे मी म्हणत नाही. समोरच्या रुग्णात त्या आज जाळत आहेत की सांधत आहेत, हे सांगणारी रक्तचाचणी माझ्या हाताशी नाही. यकृताचा तुकडा काढून तपासावे तर अशा रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, आणि तो तुकडाही त्या एका दिवसापुरतेच सांगणार. म्हणून सात दिवस औषध देऊन बिलिरुबिन पाहायचे आणि मग ठरवायचे, हा मार्ग ओबडधोबड आहे हे ठाऊक असूनही पुढच्या रुग्णालाही मी तोच लावणार आहे.