होती तशी का नाही ठेवली? तुम्ही विचारलंत म्हणून

"नव्वद वर्षं टिकलेली गाडी, आणि तू ती कापलीस?" हे मला इथं लॉस एंजेलिसजवळ राहणारी मराठी मंडळी विचारतात, कोल्हापूरहून मामा फोनवर विचारतो, फोटो बघून अनोळखी माणसंसुद्धा विचारतात. (त्याच्या आधीचा प्रश्न "नवऱ्याची का?" असतो. नाही, माझी.) दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय संपवते आणि मग रात्रभर डोक्यात तेच चालू राहतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहिते.

गाडी 1930 ची फोर्ड मॉडेल ए, कूप, म्हणजे दोन दारांची, बंद छताची. टप, म्हणजे छत, तीन इंच खाली घेतलाय, मडगार्ड काढलेत, मूळचं 40 हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तिथं 1950 चं फ्लॅटहेड व्ही-एट, फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन, आलंय. अशा कापून, इंजिन बदलून केलेल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडली तशी ती आता अजिबात नाही, हे कबूलच आहे. पण तशी नाही म्हणजे तिची वाट लागली, हे मात्र मला मान्य नाही.

1932 साली फोर्डने व्ही-एट काढलं. सगळा ब्लॉक एकाच ओतकामात, 65 हॉर्सपॉवर, आणि तेही साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत, त्याआधी आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांचं काम होतं. थोड्या वर्षांत ही इंजिनं भंगारवाल्यांकडे यायला लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती उचलून जुन्या, हलक्या मॉडेल टी आणि मॉडेल एमध्ये बसवली. मडगार्ड काढले ते वजन कमी करायला, स्टाईल म्हणून नाही. मग रात्री निघून मोहावीच्या वाळवंटात जायचं, म्युरॉक नाहीतर एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर, आणि पहाटे वारा सुटायच्या आत गाडी पळवायची. 1937 मध्ये या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, ती आजही एल मिराजला शर्यती घेते. युद्धात म्युरॉक हवाई दलाकडे गेलं, पोरं सैन्यात गेली, तेव्हा वीडा ऑर नावाची बाई, जी स्वतः तळ्यावर गाडी पळवायची, शर्यतींच्या बातम्यांचं पत्रक काढून आघाडीवरच्या पोरांना पाठवत राहिली. परत आल्यावर बिल बर्कने तर लढाऊ विमानाची पेट्रोलची जादा टाकी, पोटाखाली लटकवतात ती, घेऊन तिलाच चाकं लावली. हे सगळं वाचताना मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं बाबांचं वर्कशॉप आठवतं, तिथंही एखाद्या वस्तूचा उपयोग काय ते कंपनीला विचारून कुणी ठरवत नसे.

पूर्वी मी उत्तर देताना इथंच थांबायचे. सांगायचे, गरज होती हो, पोरांकडे पैसे नव्हते, वेगाची भूक होती, म्हणून त्यांनी कापल्या. ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं. पण ते उत्तर त्या पोरांचं झालं, माझं कुठं झालं? मला कसली गरज होती? माझ्याकडे नोकरी आहे, दारात साधी टोयोटा आहे आणि ती माझ्या हॉट रॉडपेक्षा सहज जोरात पळते. शिवाय मला मिळालेली बॉडी कुजकी नव्हती. शेडमध्ये इंजिनाविना पडलेली होती खरी, पण पत्रा चांगला होता, एखाद्याने मनावर घेतलं असतं तर ती होती तशी उभी राहिली असती. हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता खरं कारण सांगते, आणि त्यासाठी आजोबांबद्दल लिहावं लागेल. नाव लिहीत नाही. आमच्याच रस्त्यावर राहायचे, आयुष्य विमानाच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात गेलं. मी त्यांना मराठीत आजोबाच म्हणायचे, त्यांना चालायचं. शाळेत असताना त्यांनी 1929 ची मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे उघडी गाडी, घेतली आणि मरेपर्यंत ठेवली. फरशी कापून बॉडी चेसिसवर खाली उतरवलेली, फ्लॅटहेड बसवलेलं, वर दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. फ्लॅटहेडचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या वाटांमधून बाहेर पडतो, त्यामुळे ते तापतं म्हणजे तापतंच, आणि कुठल्या आवाजानंतर पाणी उकळणार हे मला त्यांनी शिकवलं, कान धरून म्हणावं इतक्या चिकाटीने. पातळ पत्रा वेल्ड करताना वाकू नये म्हणून टाके कुठे कुठे आणि किती थांबून टाकायचे तेही त्यांनीच. त्यांच्या डॅशबोर्डवर धातूची एक छोटी पट्टी होती, दोन स्क्रूंनी लावलेली. एल मिराज, 1950, ताशी 118 मैल. असोसिएशन अशा पट्ट्या द्यायची. गाडी पुसताना ते ती पट्टी वेगळ्या फडक्याने पुसायचे.

ते गेल्यावर मुलांनी गाडी विकली, त्यात काही चूक नाही, त्यांचा हक्क. पुढे एका प्रदर्शनात हिरवळीवर मला ती गाडी दिसली. मी आधी ओळखलीच नाही. चकचकीत मडगार्ड, चार सिलिंडरचं इंजिन, शोरूमचा रंग, समोर पाटी: पूर्ण मूळ स्वरूपात. चेसिसवरची एक जुनी दुरुस्ती बघून ओळखली, तो वेल्ड आजोबांचा होता. मालक बोलायला चांगला माणूस. अभिमानाने सांगत होता, फरशी दुसऱ्या गाडीची मिळवली, इंजिन तिसरीकडून, मडगार्ड नवे बनवलेले. म्हणाला, फार हाल केले होते हो कुणीतरी, मी वाचवली. मी पट्टीबद्दल विचारलं. त्याला आठवेना. व्ही-एट आणि डॅशबोर्डचं सगळं सामान एकाच माणसाला विकलं म्हणाला. डॅशबोर्डवरची दोन भोकं बुजवून वर रंग मारलेला, मी बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही.

तीन गाड्यांचे तुकडे जोडून केलेली ती गाडी मूळ, आणि एकाच माणसाने साठ वर्षं स्वतःच्या हातांनी सांभाळलेली ती बिघडवलेली? हा हिशोब मला त्या दिवशी कळला नाही आणि आजही कळत नाही. मी तिथं भांडले नाही, पार्किंगमध्ये येऊन रडले. पुढच्याच महिन्यात माझ्या कूपचे छत धरणारे खांब कापले. त्याआधी बराच काळ ती तशीच पडून होती, कारण माझीच हिंमत होत नव्हती. मॉडेल एचे खांब जवळजवळ सरळ उभे असतात, त्यामुळे टप खाली घेताना वरचा आणि खालचा पत्रा बऱ्यापैकी जुळतो, पण पहिला काप घेताना हात थरथरतोच.

मामा म्हणतो, हा सगळा भावनेचा खेळ झाला, आपल्याकडे तर सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. बरोबर आहे, जानेवारी 2019 चा निकाल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध गाडी बदलता येत नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी नियम हवेत हे मला पटतं, माझ्या ब्रेकवर मी इंजिनापेक्षा जास्त खर्च केलाय. पण कायदेही बदलतात. कॅलिफोर्नियाने 1958 मध्ये चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग नको असा नियम केला, तो मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली घेतलेल्या, गाड्यांवर चालवला गेला. पोरांनी हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की गाडी वर. तो नियम 2024 मध्ये गेला. आणि मूळपणाचं देऊळ मानतात त्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात 1997 मध्ये पहिल्यांदा हॉट रॉडचा वेगळा वर्ग आला, त्या वर्षी डोन स्पेन्सरने बनवलेली 1932 ची रोडस्टर जिंकली, तीही बदललेलीच.

तरी एक गोष्ट मला सुटत नाही. गाडीवर ज्याचे ज्याचे हात पडले ते सगळे तिचा इतिहास, असं मी म्हणते, तर मग त्या मालकाचे हातही त्यातच धरायला हवेत ना? त्यानेही मेहनत घेतली, पैसा घातला, प्रेमच केलं. नवरा मला हे शांतपणे विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नसतं, फक्त राग असतो. फरक एवढाच दिसतो की आजोबांनी काय बदललं ते लपवलं नव्हतं. हा फरक पुरेसा आहे का? एखाद्या दिवशी वाटतो, एखाद्या दिवशी नाही.

खांबांचे कापलेले तुकडे मी टाकलेले नाहीत. कुठला भाग कुठून आला, कधी बसवला, सगळं वहीत लिहिलंय, वही गाडीतच असते. माझ्यानंतर कुणाला परत उंच करायची असेल तर करू दे, मला आवडणार नाही, पण निदान कुणाचं काय काढतोय ते त्याला माहीत असेल.

बाकी शनिवारी इंजिनाचं डावीकडचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढणार आहे, पाणी पुन्हा उकळायला लागलंय. जवळ राहणाऱ्या ज्यांना ज्यांना हा प्रश्न आहे त्यांनी सकाळी या, जुने कपडे घालून.