नवी व्हर्टस, बॉनेटला हात न लावता

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी बुक केली तेव्हाच ठरवलं होतं, ही गाडी शोरूममधून आली तशीच ठेवायची नाही. आधी पोलो होती. 2022 मध्ये पोलो भारतात बंद झाली आणि त्याच वर्षी आपल्या चाकणच्या कारखान्यातून ही सेडान बाहेर पडली. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस ताकद, 250 न्यूटन-मीटर टॉर्क. गाडी पहिल्या दिवसापासून जीव लावते. तरीही घाटात उतारावर दोनतीन वळणं जोरात घेतली की कळतं, इंजिन जेवढं देतंय तेवढं टायर आणि ब्रेक सांभाळत नाहीयेत.

गाडीवेड्या मित्रांचा पहिला प्रश्न एकच, “रिमॅप कधी करतोस?” म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद कधी वाढवतोस. मी नाहीच म्हणालो आणि आजही तेच म्हणतो. माझ्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. या गिअरबॉक्सला डीक्यू 200 म्हणतात आणि त्याची टॉर्क पेलायची मर्यादा आहे 250 न्यूटन-मीटर. म्हणजे कंपनीनेच तो काठोकाठ वापरलाय. ईसीयू रिमॅप करून वर आणखी टॉर्क ओतायचा, तर तो कुणाच्या जिवावर? शिवाय सर्व्हिस सेंटरने गाडी कंपनीच्या सिस्टीमला जोडली आणि बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं, तर गाडीच्या नावावर ‘टीडी 1’ असा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. नव्या गाडीत हा सौदा मला पटत नाही.

आवाजी एक्झॉस्टचंही तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी बसून वाचला. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे वाचल्यावर माझी यादी आपोआप छोटी झाली: टायर, अलॉय चाकं, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड. एवढंच.

टायरपासून सुरुवात केली. सगळे 17 इंची अलॉयकडे ओढत होते, कारण गाडी दिसते भारी. मी आकडे मांडले. कंपनीचा साइज 205/55 आर 16 (205 मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या 55 टक्के उंचीची भिंत, 16 इंची चाक), म्हणजे टायरची भिंत साधारण 113 मिलिमीटर. 205/50 आर 17 घेतला तर ती 103 च्या आत येते, 215/45 आर 17 घेतला तर 97 च्या आसपास. चाकाचा एकूण व्यास दोन्हींत एखाद्या टक्क्यानेच बदलतो, त्यामुळे स्पीडोमीटरची चिंता नाही. पण पावसाळ्यातल्या पुण्याच्या रस्त्यावर तो दहा-पंधरा मिलिमीटर रबर म्हणजे अलॉय वाकणं आणि न वाकणं यातला फरक आहे. म्हणून साइज तोच ठेवला, 91 व्ही हे वजन-वेगाच्या मर्यादेचं रेटिंगही तेच, फक्त ओल्या रस्त्यावर घट्ट धरणारा, नरम रबराचा टायर निवडला. दुकानात चारही टायरच्या भिंतीवरचा आयएसआय मार्क आणि चार आकडी तारीख स्वतः वाचली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एक टायर बाकीच्या तिघांपेक्षा बराच जुना निघाला, तो बदलून मागितला आणि त्यांनी कुरकुर न करता दिला.

खरी कसोटी अलॉयची. 16 इंचच, पण हलकी चाकं हवी होती. वजन काट्यावर करून घेतलं, तर प्रत्येक चाकामागे जवळपास दोन किलो कमी. हे वजन सस्पेन्शनच्या खालचं असतं, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर फरक लगेच जाणवतो. पीसीडी 5x100 (पाच बोल्ट, 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) जुळत होता, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा, मूळ चाकाएवढाच घेतला. प्रश्न होता मधल्या भोकाचा. फोक्सवॅगनच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या भागाचा, व्यास 57.1 मिलिमीटर आणि या अलॉयचं भोक 73.1, कारण बाजारातली चाकं अनेक गाड्यांना बसावीत म्हणून भोक मोठंच ठेवतात. मधली फट भरायला स्पिगॉट रिंग लागते. ती नसेल तर चाक हबवर बरोबर मध्यभागी बसत नाही आणि शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. प्लास्टिकची मिळत होती, मी ॲल्युमिनियमची घेतली.

मग बोल्ट. इथे मी अडून बसलो. या गाडीला नट नसतात, एम 14 चे बोल्ट थेट हबमध्ये शिरतात. कंपनीच्या बोल्टची बैठक गोल, चेंडूच्या पोटासारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयची बैठक निमुळती, 60 अंशांची. गोल बोल्ट निमुळत्या भोकात घातला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. घट्ट वाटतो, पण चालता चालता ढिला पडू शकतो. एका दुकानात मला सांगितलं, “साहेब, सगळे बोल्ट सारखेच, काही होत नाही,” आणि मुलाने इम्पॅक्ट गन हातात घेतलीसुद्धा. मी तिथूनच गाडी परत आणली.

दुसरीकडे एक वयस्कर फिटर भेटले. मी बोल्टचं नाव काढायच्या आधीच त्यांनी जुना आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी धरून मला दाखवले. म्हणाले, “दादा, हे बघा, बूडच वेगळं आहे.” त्यांनी निमुळते बोल्ट मागवून घेतले. चाक चढवायच्या आधी प्रत्येक हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केलं, रिंग हाताने बसवली, बोल्ट सुरुवातीला हातानेच फिरवले. सात-आठ पूर्ण फेरे बसले तेव्हाच पाना लावला. मग चांदणी काढतात तसं समोरासमोरचे बोल्ट आवळत शेवटी टॉर्क रेंच, 120 न्यूटन-मीटर, चारही चाकांना. अशा माणसाच्या हातात गाडी देताना मन शांत असतं. या गाडीत टायरच्या आत प्रेशर सेन्सर नसतो, ती एबीएसवरून (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा ओळखते, म्हणून प्रेशर भरून स्क्रीनवर ते नव्याने सेट केलं. साधारण शंभर किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कला तपासले. हे कुणी चुकवू नये.

ब्रेकचं काम त्या मानाने झटपट झालं. मागे ड्रम आहेत, त्यांना डिस्क लावून द्यायला लोक तयार असतात, पण एबीएसचं गणित कंपनीने ज्या ब्रेकवर बसवलंय ते मला हलवायचं नव्हतं. पुढच्या डिस्कला चांगले पॅड आणि चांगल्या प्रतीचं डॉट 4 फ्लुइड, म्हणजे ब्रेकमधलं तेल. ते तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. डॉट 4 चा कोरा उकळबिंदू किमान 230 अंश, ओलावा शोषल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो, म्हणून सीलबंद डबाच फोडायला लावला. पॅड बसल्यावर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर साठवरून दहावर, पूर्ण न थांबता, असे अनेक वेळा ब्रेक मारून ते डिस्कवर रुळवले.

विमा कंपनीला अलॉयचं बिल पाठवून पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद करून घेतली. हप्ता थोडा वाढला, पण क्लेमच्या वेळी ‘हे तर सांगितलंच नव्हतं’ असं ऐकायचं नाही. कंपनीची चारही चाकं मूळ टायर-बोल्टसकट गुंडाळून मामाच्या माळ्यावर ठेवली आहेत.

त्यानंतर सुरूरवरून वाई आणि वाईहून पसरणी घाट. चढताना गाडी आधीसारखीच वेगवान, त्यात काही बदललेलं नाही. बदल उतरताना कळला. पाचगणीहून खाली येताना, आदल्या रात्रीच्या पावसाने रस्ता ओला असतानाही पेडल शेवटच्या वळणापर्यंत तितकंच कडक राहिलं, आणि स्टिअरिंग वळवल्याबरोबर नाक आत आलं. पूर्वी तिथे टायर किंचाळायचे आणि गाडी बाहेर सरकायची. आता एबीएस एकदाही जागं झालं नाही. पुढच्या खेपेला वरंध घाट करायचा आहे, तोही पाऊस ओसरल्यावर.