तुम्ही विचारलंत म्हणून: मोडांच्या बरणीत चुन्याची निवळी कशाला?

ज्वारीचं सत्त्व न्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. मोड आलेल्या ज्वारीशेजारी घट्ट झाकणाची बरणी, आत तेच मूठभर दाणे आणि वाटीत चुन्याची निवळी.

याचं उत्तर मला आजोळी मिळालं. मंगळवेढ्याकडं ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात साठवायचे. पेव उघडलं की आजोबा कुणाला लगेच उतरू देत नसत. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर कुणी आत पाय घालायचा नाही. दाणा कोरडा असला तरी श्वास घेतो. कोंडलेल्या जागेतला प्राणवायू तो संपवतो आणि कार्बन डायॉक्साइड साचत जातो. अशा पेवात उतरलेली माणसं परत वर आली नाहीत.

भिजलेल्या दाण्याचा श्वास तर कितीतरी जोराचा. त्याच्या पोटातली साखर जळते, ऊब आणि पाणी सुटतं. 180 ग्रॅम ग्लुकोजमागे 264 ग्रॅम कार्बन डायॉक्साइड. बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, करणारे 15 अंशांच्या आसपास थंड, ओलसर हवा खेळवून हा श्वास आवरतात. तरी श्वास आणि मुळं मिळून शंभर किलो कोरड्या मालातले आठ-दहा किलो जातातच. ज्वारीला 25 ते 30 अंश मानवतात. सोलापुरात मे महिन्यात माझी पत्र्याची खोली रात्रीसुद्धा त्याखाली येत नाही.

अशाच एका मे महिन्यात मी वीतभर जाड थर गोणपाटाखाली ठेवला. सकाळी मधे हात घातला तर कढत लागलं आणि आंबूस वास आला. कडेच्या दाण्यांना मोड, आतले गुदमरून मेलेले. बारा किलो ज्वारी. गुरांपुढंही टाकता येईना, कारण कोवळ्या कोंबांनी किरळ लागते, म्हणजे गुरांना विषबाधा होते. त्यात सायनाइड तयार होतं. म्हणून सत्त्वासाठी वाळल्यावर मुळं-कोंब चोळून, पाखडून काढायलाच हवेत. यात हयगय नको.

तेव्हापासून ही बरणी. दाण्यांच्या श्वासातल्या कार्बन डायॉक्साइडनं चुन्याच्या निवळीवर दुधी साय किती मिनिटांत धरते, ते मी दर खेपेला वहीत लिहिते. साय लवकर धरू लागली की रात्रीचे दोन वाजलेले असोत, उठून थर पसरायचा, दाणे खालीवर करायचे.

वाळलेले दाणेही त्याच बरणीत ठेवते. निवळी संध्याकाळपर्यंत नितळ राहिली, तरच डबा गिरणीत जातो.