क्लेम नाकारला जातो तेव्हा: ओहायोतल्या माझ्या नोकरीबद्दल

गेल्या रविवारी मिरजेहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याची मुलगी बीएचएमएस झाली आहे आणि तिला हिंजवडीच्या एका कंपनीत 'एआर कॉलर'ची, म्हणजे हॉस्पिटलच्या अडकलेल्या बिलांसाठी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करण्याची, नोकरी मिळते आहे. रात्रपाळी. दादाचा प्रश्न सरळ होता. "साडेपाच वर्षं डॉक्टरकी शिकून पोरीनं रात्रभर अमेरिकेत फोन लावत बसायचं का? तू तिथं तेच करतेस ना, मग तूच सांग."

मी तेच करते, फक्त दिवसा आणि कोलंबसमध्ये. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. अशी ऑफर हातात घेऊन बसलेली मुलं आणि त्यांचे आईवडील आपल्याकडे बरेच आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

इथे पेशंट घरी गेला की हॉस्पिटल त्याच्या विमा कंपनीकडे क्लेम पाठवतं. आजाराला एक कोड, केलेल्या प्रत्येक गोष्टीला दुसरा कोड. आजारांचे कोड 1 ऑक्टोबर 2015 पासून आयसीडी-10 या यादीतले आहेत आणि त्यांची संख्या 70 हजारांच्या आसपास आहे. क्लेम कॉम्प्युटरवरून जातो, उत्तरही तसंच येतं. पैसे आले तर विषय संपला. नाही आले तर त्या ओळीपुढे दोन अक्षरं आणि एक आकडा येतो. त्याला डिनायल म्हणतात. नाकारलेल्या अशा ओळींची यादी सकाळी माझ्यासमोर उघडते, तिला आम्ही वर्कलिस्ट म्हणतो.

त्या दोन अक्षरांवर पेशंटचं बरंच काही ठरतं. 'पीआर' असेल तर रक्कम पेशंटने भरायची. 'सीओ' असेल तर ती हॉस्पिटलच्या अंगावर, पेशंटला बिल पाठवायचं नाही. आकडा कारण सांगतो. 16 म्हणजे माहिती अपुरी, 29 म्हणजे क्लेम मुदतीनंतर आला, 197 म्हणजे आधी परवानगी घेतली नव्हती, 50 म्हणजे कंपनीच्या मते उपचाराची वैद्यकीय गरज नव्हती. पहिल्या वर्षी मी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले. पण आकडा फक्त कोणत्या दारातून आत शिरायचं ते सांगतो, खरं कारण पुष्कळदा आतल्या खोलीत असतं.

एक उदाहरण देते. पेशंटची ओळख इथे कायद्याने जपावी लागते, शिवाय ते मला मनापासून पटतं, म्हणून तपशील बदलले आहेत. एका नवजात बाळाचे पाच दिवसांचे एनआयसीयूचे, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचे, क्लेम परत आले. कोड 31: ही व्यक्ती आमची विमाधारक म्हणून सापडत नाही. रक्कम अशी होती की ती पाहून कोणत्याही नव्या आईबापांच्या पोटात गोळा आला असता. बाळाची जन्मतारीख पाहिली, दिवस मोजले. चोविसावा. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात बाळाचं नाव घालायला सहसा जन्मापासून 30 दिवस मिळतात. त्या मुदतीत नाव घातलं, तर विमा जन्माच्या दिवसापासून लागू होतो. मुदत हुकली, तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबायचं आणि मधला खर्च आपला.

मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "हॉस्पिटलने आमचं कार्ड घेतलं होतं, बाळ त्यातच आलं असं आम्हाला वाटलं." आडनाव आपल्याकडचंच होतं. मागून एका बाईंचा आवाज आला, "कोणाचा फोन रे? बाळाचं काही आहे का?" बाळंतपणासाठी आलेली आजी असणार. मी त्यांना सांगितलं की आज, आत्ता, तुमच्या एचआरला फोन करा, जन्माचा दाखला यायची वाट बघू नका, आधी नाव नोंदवा. दोन दिवसांत बाळ पॉलिसीवर आलं. मी क्लेम पुन्हा पाठवले आणि पैसे आले. परदेशात बाळंतपण ज्यांच्या घरात आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: बारशाच्या तयारीआधी हा एक फोन करा.

या कामात तारीख फार मोठी. मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याला, क्लेम उपचाराच्या दिवसापासून एका वर्षात पोचला पाहिजे. खासगी कंपन्यांची मुदत करारानुसार असते, कुठे 90 दिवस, कुठे 180. मेडिकेअरने नाकारलं तर पहिलं अपील 120 दिवसांत करायचं. अपिलाच्या एकूण पाच पायऱ्या आहेत, शेवटची फेडरल कोर्टात. खासगी विम्यात पेशंटला स्वतः अपील करायला 180 दिवस मिळतात, आणि कंपनीने वैद्यकीय कारण देऊन तरीही नाही म्हटलं तर 2010 च्या आरोग्य कायद्यामुळे बाहेरच्या तटस्थ डॉक्टरांकडून फेरतपासणी मागता येते.

हे अधिकार आहेत, पण वापरतं कोण? आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने सरकारी बाजारपेठेतून विकल्या जाणाऱ्या विम्याचे 2023 चे आकडे तपासले. नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलांचेही जवळपास 19 टक्के क्लेम नाकारलेले निघाले. त्यांवर अपील करणारे ग्राहक 1 टक्क्याहूनही कमी. मला हा दुसरा आकडा जास्त लागतो. आजारी माणूस थकलेला असतो. पत्रावर 'नाकारले' दिसलं की तो ते शेवटचं मानतो. त्याच्या वतीने न थकता पुन्हा विचारणारं कोणीतरी लागतं, आणि मी ज्या खुर्चीत बसते ती त्यासाठी आहे.

दादाचा मूळ प्रश्न होता डॉक्टरकीचं काय. तर ऐका. कोड 50 चं डिनायल घ्या. कंबरेच्या एमआरआयचा क्लेम नाकारला, कारण कंपनीच्या नियमाप्रमाणे आधी सहा आठवडे फिजिओथेरपी झाल्याचा पुरावा हवा. पेशंटने ती केलेली असते, पण दुसऱ्या गावात, आणि तिचा उल्लेख तीन महिन्यांपूर्वीच्या एका नोंदीत एका ओळीत असतो. ती ओळ कोण शोधणार? पायात मुंग्या येणं आणि पाऊल उचलता न येणं यांतला फरक ज्याला कळतो तोच. पाऊल उचलता येत नसेल तर सहा आठवडे थांबायचा प्रश्नच नाही, आणि अपिलाच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात तेच यायला हवं. कधी आमचे डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलतात. त्यासाठी त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्यांच्या हातातला एका पानाचा कागद मी बनवते. मी सांगलीची बी.फार्म. आहे. औषधाचा डोस वजनावरून ठरतो हे मला कॉलेजात शिकवलं गेलं, म्हणून इंजेक्शनच्या क्लेममध्ये युनिट चुकले की माझं लक्ष जातं. शिक्षण वाया गेलं असं मला एकदाही वाटलं नाही.

चुका मीही केल्या. सुरुवातीला प्रत्येक डिनायलवर अपील लिहायचे. पण क्लेममध्ये आपलीच चूक असेल, समजा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायचं दोन अक्षरांचं किंवा आकड्यांचं चिन्ह, राहिला असेल, तर अपील नाही, दुरुस्त केलेला क्लेम पाठवायचा असतो. मी असं एक अपील पाठवून महिनाभर उत्तराची वाट पाहिली आणि तोवर दुरुस्तीची मुदत निघून गेली. ते पैसे हॉस्पिटलला सोडावे लागले. माझ्या सुपरवायझर बाई तेव्हा रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून शेजारी बसून माझ्याकडून पुढचे दहा क्लेम करून घेतले.

आता रात्रपाळीच्या त्या फोनबद्दल. आमच्या कामाचा एक भाग भारतातल्या टीमकडे जातो. आमचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. ती मुलं विमा कंपनीला फोन लावतात, कधी पाऊण तास होल्डवर थांबतात, आणि जे कळलं ते सिस्टिममध्ये लिहून ठेवतात. त्या नोंदींवरून मला माणूस कळतो. एकजण लिहितो, "क्लेम नाकारला, परवानगी नाही." दुसरी लिहिते: कोणाशी बोलले, कॉलचा रेफरन्स नंबर, परवानगी सापडली पण ती ओपीडीच्या कोडवर आहे आणि पेशंट नंतर ॲडमिट झाला, बदल करायला अमुक फॅक्स नंबर, शेवटची तारीख अमुक. दुसरीच्या नोंदीवर माझं काम वीस मिनिटांत होतं. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण ती उत्तम काम करते हे मी तिच्या मॅनेजरला दोनदा कळवलं आहे.

तेव्हा, दादा, हे कॉल सेंटर आहे की करिअर, ते पहिल्या दोन वर्षांत ती काय शिकते त्यावर ठरेल. फोन, मग डिनायलचं विश्लेषण, मग अपील, त्याबरोबर कोडिंगची, म्हणजे आजार-उपचारांना कोड लावण्याची, सीपीसी परीक्षा. 100 प्रश्न, चार तास, कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवून. पुढे कारणं शोधण्याचं काम येतं, आणि मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं: एकाच विभागाचे क्लेम दर महिन्याला परवानगीअभावी का पडतात ते शोधून अपॉइंटमेंटच्या वेळीच ते थांबवायचं. रात्रपाळीने झोप आणि तब्येत बिघडते, हेही खरं आहे. सॉफ्टवेअर आता साधी स्टेटस तपासणी आणि पत्राचे मसुदे करू लागलं आहे, त्यामुळे नुसतं फोनवर अडकून राहू नये. कॅलिफोर्नियात मात्र 1 जानेवारी 2025 पासून वैद्यकीय गरज नाही असा निर्णय केवळ यंत्रावर सोपवता येत नाही, तो परवानाधारक माणसानेच द्यावा लागतो. वाचून विचार करणारी माणसं दोन्ही बाजूंना लागणार आहेत.

आणि या कामावर अमेरिकेला नेतो असं कोणी एजंट सांगत असेल तर एक रुपया देऊ नका. एच-वन बी या नोकरीच्या व्हिसासाठी विशिष्ट विषयाची पदवी आवश्यक असणारं काम लागतं, हे त्यात सहसा बसत नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, चार वर्षं घरी होते, आणि 2015 च्या नियमामुळे नंतर कामाची परवानगी मिळाली.

हे ज्ञान आपल्या घरीही कामाला येतं. मामांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम गेल्या वर्षी सांगलीत नाकारला, कारण जुना रक्तदाब फॉर्मवर लिहिला नव्हता. मी पॉलिसीची सुरुवातीची तारीख विचारली. नऊ वर्षं, एकही खंड नाही. आपल्याकडे 2024 पासून सलग 60 महिने झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. मामेभावाने हे लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. तिथे जमलं नसतं तर पुण्यात विमा लोकपाल आहेत, त्यांच्याकडे तक्रारीला फी नाही. तिथवर जावं लागलं नाही.

काल रात्री भाचीचाच मेसेज आला. "आत्या, मी जॉइन होतेय. आधी काय वाचू?" मी तिला एक नमुना बनवून पाठवला, सगळी नावं आणि आकडे काल्पनिक, एनआयसीयूच्या पाच ओळी आणि प्रत्येकीपुढे कोड 31. पाच मिनिटांनी तिने उलट विचारलं, "बाळाची जन्मतारीख कुठे लिहिलीय?"