पी०२०१ आला, आता इंजेक्टर बदलू का?

चेक लाईट लागली, गाडी मिसिंग करतेय (एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही), स्कॅनरवर पी०२०१ दिसतोय, मग इंजेक्टर बदलून टाकू का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एवढ्यात नको. पी०२०१ हा पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टर सर्किटचा कोड आहे. सर्किटमध्ये फ्यूज, रिले, वायर, कपलर (वायर जोडायचा कनेक्टर) आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, हेही आले. इंजेक्टर हा त्यातला एक तुकडा. नुसता पी०३०१ असेल तर पहिला सिलिंडर मिसिंग आहे एवढंच कळतं, तिथे आधी प्लग आणि कॉइल बघा.

हे सगळं साध्या एमपीएफआय (सिलिंडरबाहेर, इनटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांपुरतं. कॉमन रेल डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज जातं. चालू इंजिनात त्या वायरींना हात लावू नका, आणि पुढचे आकडेही तिथे चालणार नाहीत.

एमपीएफआयमध्ये इंजेक्टरच्या एका पिनेला रिलेमार्गे १२ व्होल्ट मिळतात. दुसरी पिन ईसीएम क्षणभर अर्थ करतो (मायनसला जोडतो), तेवढ्यापुरता इंजेक्टर उघडतो. आयडलला हा क्षण जेमतेम २ ते ४ मिलिसेकंदांचा. म्हणून पी०२०१ ते पी०२०४ असे चारही कोड एकदम आले तर इंजेक्टरांकडे बघूसुद्धा नका. चौघं एकाच दिवशी जात नाहीत; त्यांचा सामायिक पुरवठा गेलाय. फ्यूज, रिले, आणि हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) चौघांच्या वायरी एकत्र येतात तो जोड तपासा.

एकच कोड असेल तर त्या इंजेक्टरचा कपलर काढा, चावी ऑन करा आणि पुरवठ्याच्या पिनेवर बॅटरीइतकं व्होल्टेज आहे का बघा. काही गाड्यांत हा पुरवठा फ्युएल पंपाच्या रिलेवरून येतो आणि दोनच सेकंद टिकतो, तेव्हा मीटर आधी लावून मग चावी फिरवा. मीटरची जाड प्रोब कपलरच्या मादी पिनेत खुपसू नका. पिन फाकते आणि नसलेला लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

मग इंजेक्टरचा ओम, म्हणजे रोध. या गाड्यांत थंड असताना तो बहुतेक ११ ते १६ च्या मध्ये येतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण चौघं मोजून एकमेकांशी ताडून बघणं जास्त कामाचं. तिघं १२ आणि एक ८ दाखवत असेल तर त्याचं वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) शॉर्ट आहे. गरम इंजिनावर मोजलंत तर आकडा वाढलेला दिसेल; तांब्याचा स्वभावच तो, २० अंशांना १२ ओम असलेलं वाइंडिंग १०० अंशांना पावणेसोळाच्या आसपास जातं. तो दोष नव्हे. पण गाडी तापल्यावरच मिसिंग करत असेल तर ओमही तापलेलाच मोजायला हवा, कारण काही वाइंडिंग गरम झाल्यावरच तुटतात.

बहुतेकांची फसगत होते ती यापुढे. वायरीची कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का) बघतात, मीटर ‘टीं’ करतो आणि वायर पास होते. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर ‘टीं’च करणार, कारण तो त्यातून नखभर करंट सोडतो. इंजेक्टरला लागतो सुमारे १ अँपिअर. इंजेक्टरच्या कपलरला लावायच्या एलईडी टेस्टरचंही तसंच: तो लुकलुकला म्हणजे ईसीएमचा पल्स येतोय एवढं कळलं, वायर भार पेलते की नाही ते नाही कळलं. आणि चालू इंजिनात व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट गळतात ते) मोजावा म्हटलं, तर पल्स इतका छोटा की साध्या मीटरला तो दिसतच नाही.

यावर उपाय दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब. तो इंजेक्टरच्या जवळपास, म्हणजे ०.८ अँपिअर घेतो. पुरवठ्याची पिन आणि इंजिनची अर्थ यांच्यात लावा. लख्ख पेटला पाहिजे. पेटलेला असताना बॅटरीच्या प्लसपासून त्या पिनेपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त ड्रॉप दिसला तर वाटेत गंज किंवा ढिली पिन आहे. कंट्रोल वायरीसाठी, म्हणजे दुसऱ्या पिनेपासून ईसीएमकडे जाणाऱ्या वायरीसाठी, बॅटरीचं मायनस सोडून ईसीएमचा कपलर काढा. वायरीच्या एका टोकाला ५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीचं प्लस द्या, दुसऱ्या टोकाला बल्ब लावून त्याची दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला. बल्ब मिणमिणला तर हार्नेस हलवत जा. जिथे हात लागल्यावर तो उजळतो तिथे टेप सोला. ईसीएम जोडलेला असताना कंट्रोल वायरीला थेट प्लस कधीही देऊ नका, आतला ड्रायव्हर (पिन अर्थ करणारा स्विच) जळतो.

आपल्याकडे ही जागा बहुतेकदा सीएनजी किटच्या जोडात निघते. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून त्या किटच्या ईसीयूमधून (किटच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधून) फिरवलेल्या असतात. सोल्डर न करता नुसता पीळ देऊन टेप मारलेली असेल तर दोन पावसाळ्यांत टेपखाली हिरवा थर चढतो, कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं तसा. कोकणात त्याहून लवकर. लक्षणावरून जागाही ओळखता येते. मिसिंग फक्त पेट्रोलवर असेल तर जोडापासून इंजेक्टरपर्यंतची बाजू किंवा खुद्द इंजेक्टर बघा. तोच सिलिंडर दोन्ही इंधनांवर मेलेला असेल आणि प्लग-कॉइल ठीक असतील, तर जोडापासून ईसीएमपर्यंतची बाजू, कारण किटसुद्धा पेट्रोलचाच पल्स वाचून गॅस सोडतं. आणि गाडी छान चालतेय पण पी०२०१ फक्त सीएनजीवर येतोय, तर किटचा एम्युलेटर ईसीएमला खोटा भार दाखवायला कमी पडतोय. पेट्रोल इंजेक्टर बदलून तो कोड जाणार नाही.

याउलट कंट्रोल वायर कुठे घासून बॉडीला लागली, उंदराने कुरतडली, तर चावी ऑन आहे तोवर इंजेक्टर उघडाच राहतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर स्टार्टर मारू नका. आधी प्लग काढून सिलिंडर रिकामा करा, आणि दुरुस्तीनंतर ऑइलही बदला.

ईसीएमचं नाव सगळ्यात शेवटी: पुरवठा ठीक, वायर बल्बवर पास, तरी स्टार्टर मारताना त्याच सिलिंडरचा एलईडी लुकलुकत नाही आणि बाकीच्यांचा लुकलुकतो, तेव्हाच. नवा लावण्याआधी त्या इंजेक्टरचा ओम पुन्हा मोजा, थंड आणि गरम दोन्ही. शॉर्ट वाइंडिंगने जुना ईसीएम जाळला असेल तर नवाही जळेल.