ध्वजदिनाला पैसे द्या, आणि जमलं तर एक दिवसही द्या

७ डिसेंबरचा ध्वजदिन जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. "मेजर, यंदा पोराच्या वाढदिवसाचा खर्च टाळलाय, फौजींसाठी काही द्यावं म्हणतोय. कुठं देऊ?" विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, आडत दुकानदार असतात, पुण्याला नोकरीवर गेलेली आपल्याकडची पोरं असतात. मी मेजर नव्हतो, क्लार्क होतो, पण आमच्या लातूर जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. पेन्शनवर आल्यापासून निलंगा, औसा, उदगीर या भागातल्या फौजींच्या घरचे कागद करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. फोनवर सगळं सांगणं होत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. आमच्या भागाच्या दृष्टीनं हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरली, १७ सप्टेंबरला आपण मोकळे झालो, आणि पुढच्याच वर्षापासून देशभर लोक फौजींच्या घरांसाठी निधी द्यायला लागले. शाळेत आपण सगळ्यांनी ते छोटे कागदी ध्वज छातीला लावलेत. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. प्रत्येक जिल्ह्याला निधी संकलनाचा इष्टांक ठरवून दिलेला असतो. जिल्हाधिकारी कार्यालयात संकलनाचा शुभारंभ होतो आणि मग शाळा, बँका, तहसील यांच्यामार्फत रक्कम गोळा होते. तुम्हाला द्यायचं असेल तर सरळ आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, पावती घ्या. दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरूनही ध्वजदिन निधीत पैसे भरता येतात.

रस्त्यावर डबा घेऊन फिरणाऱ्याला देऊ नका, मग त्याच्या अंगावर हिरवे ठिपक्यांचे कपडे असले तरी. तसले कपडे बाजारात कुणालाही मिळतात. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या खाते क्रमांकांचंही तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'फौजेला शस्त्रं घ्यायला रोज एक रुपया द्या' असा मेसेज घरोघरी फिरला. संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला की तो मेसेज दिशाभूल करणारा आहे. शस्त्रं खरेदी करायला सरकारचा अर्थसंकल्प आहे. लोकांनी दिलेला पैसा जखमी, शहीद आणि म्हातारे झालेले फौजी यांच्या घरांसाठी असतो, आणि त्याला वाटा पुष्कळ आहेत.

त्यातली एक वाट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पंधरा वर्षं नोकरी भरल्याशिवाय जवानाला पेन्शन बसत नाही. पूर्वी आमच्याकडची कित्येक माणसं सहा-सात वर्षं नोकरी करून घरी आली. कुणाचा बाप वारला, कुणाच्या शेताला वारस उरला नाही, कुणाला घरच्यांनी परत पाठवलंच नाही. ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. लोक त्यांना फौजी म्हणतात, पण हातात रुपया नाही. अशा पासष्टच्या वरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या बिनपेन्शनी माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ध्वजदिन निधीतून महिन्याला मदत मिळते. ती चार हजार होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना ती आठ हजार झाली आहे, आणि ती हयातभर मिळते. लेकरांच्या शिक्षणाची मदत महिन्याला हजारावरून दोन हजार झाली, मुलीच्या लग्नाची पन्नास हजारांवरून एक लाख. शिक्षणाची मदत पहिल्या दोन लेकरांना, लग्नाची दोन मुलींना. तेव्हा शाळेतल्या डब्यात टाकलेल्या दहा रुपयांचं काय होतं, असं कुणी विचारलं तर मी हे दाखवतो.

खडकीचं पॅराप्लेजिक सेंटरही याच निधीचा आधार घेतं. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेले जवान १९७४ पासून तिथं राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवर बसून खेळतात. पुण्याला गेलात तर बघून या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मदत मंजूर असणं आणि घरात येणं यांच्यामध्ये फार मोठं रान आहे. एका मामींचं सांगतो. मामा ऐंशीच्या दशकात भरती झालेले, पेन्शनवर आले आणि दोन वर्षांपूर्वी वारले. मामींना कौटुंबिक पेन्शन मिळायला हवी, त्यात वादच नाही. पण फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव माहेरचं, लग्नाच्या आधीचं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं, आधार कार्डावर ते सासरचं, त्याला पुढं 'बाई' जोडलेलं. जन्मतारीख रेकॉर्डला एक, आधारला १ जानेवारी. आमच्याकडं त्या वयाच्या निम्म्या बायकांची जन्मतारीख १ जानेवारीच आहे, कारण आधार काढताना समोरच्यानं तीच टाकली. बँकेतून मामी परत आल्या आणि माझ्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "बँकवाले म्हणायलेत, तुमचं नाव निराळं हाय. मग चाळीस वर्षं त्यांच्या घरात नांदले ती कोण होती ओ मेजर?"

या प्रश्नाला फौजेच्या भाषेत उत्तर आहे, आणि ते असं. मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्र. दोन वर्तमानपत्रांत नावाची जाहिरात. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, मामांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), जुना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीनं रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथून दुरुस्ती होऊन नवा, म्हणजे कॉरिजेंडम पीपीओ निघतो. मग सगळी माहिती 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत बसते, आणि तेव्हा कुठं खात्यावर पैसे येतात. यातलं एकही पाऊल अवघड नाही. मी वर्षानुवर्षं हेच केलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या रेकॉर्डमधल्या बदलांचे आदेश, लिहूनच माझी नोकरी सरली. पण मामी चौथीपर्यंत शिकलेल्या, मुलगा चाकणला कंपनीत, आणि लातूरला जायचं तर सकाळची एसटी पकडून दिवस मोडायचा. स्पर्शवर ओटीपी येतो तो मामांच्या बंद पडलेल्या नंबरवर. असल्या साध्या गोष्टींत वर्ष निघून जातं.

मामींचं काम झालं. पण ते एकट्या माझ्यानं झालं नाही. गावातल्या एका पोरीनं, बारावीला असलेल्या, मोबाइलवर सगळे कागद नीट स्कॅन केले. निलंग्याच्या एका वकिलानं प्रतिज्ञापत्राचे पैसे घेतले नाहीत. तलाठ्यानं वारस नोंदीचा कागद त्याच दिवशी दिला. शेजारच्या टेम्पोवाल्यानं मामींना लातूरला नेऊन आणलं. या चौघांपैकी कुणीही ध्वजदिनाच्या यादीत देणगीदार म्हणून दिसणार नाही. मला विचाराल तर यांनीच सगळ्यात मोठी देणगी दिली.

तिरंग्यात लपेटून पेटी आली की सगळा तालुका जमतो. चौकाचौकात फलक लागतात, पुढारी येतात, पोरं मोटारसायकलींच्या रांगा लावतात. हे वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या गर्दीनं त्या घराला धीर येतो, मी तो डोळ्यांनी पाहिलाय. माझं म्हणणं तेरवीनंतरच्या दिवसांचं आहे. फौजेत मरणाचेही प्रकार असतात. शत्रूशी लढताना गेला तर 'बॅटल कॅज्युअल्टी', बायकोला उदारीकृत कौटुंबिक पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. ड्यूटीवर पण लढाईबाहेर गेला तर विशेष पेन्शन, साठ टक्के. आणि मरणाचा नोकरीशी संबंध नाही असं ठरलं तर साधी, पहिली दहा वर्षं पन्नास टक्के आणि मग तीस टक्के. रजेवर आलेला जवान औशाच्या रस्त्यावर अपघातात गेला तर मिरवणूक निघत नाही, फलक लागत नाही. पण त्याची बायकोही सत्तावीस वर्षांची असते, तिच्याही कडेवर लेकरू असतं. आणि पुष्कळदा सासू-सासरे व सून यांच्यात पैशांवरून तेढ सुरू होते. अशा वेळी दोन्हीकडच्या शब्दाला मान असलेला कुणीतरी मोठा माणूस मध्ये बसायला हवा. हे काम देणगीनं होत नाही. त्यासाठी मामा, काका, गावातले जुने गुरुजीच लागतात.

आणखी दोन घरं आहेत जी आपल्या हिशेबातून सुटतात. पहिलं सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांचं. मराठवाड्यातली कितीतरी पोरं तिकडं आहेत, छत्तीसगड, काश्मीर, ईशान्येकडं. लोकांच्या लेखी तेही फौजीच. पण ती दलं गृह मंत्रालयाची, त्यामुळं सैनिक बोर्डाच्या योजना त्यांना लागू होत नाहीत. त्यांच्या घरची बाई जिल्हा सैनिक कार्यालयात येते आणि तिथल्या माणसाला तिला परत पाठवावं लागतं. त्याचाही इलाज नसतो. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयानं एप्रिल २०१७ मध्ये 'भारत के वीर' हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर शहीद जवानाचं नाव बघून थेट त्याच्या वारसाच्या खात्यावर पैसे टाकता येतात. लेकरांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीही आहे, फक्त त्यांचा अर्ज निराळ्या ठिकाणी करायचा असतो. माजी सैनिकांच्या मुलांनी तो केंद्रीय सैनिक बोर्डाकडं करायचा, यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मुलीला महिन्याला तीन हजार, मुलाला अडीच हजार. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यानं लेकरांची वर्षं जातात.

दुसरं घर अग्निवीराचं. २०२२ पासून पोरं चार वर्षांसाठी जातायत. अग्निवीर ड्यूटीवर असताना वारला तर ४८ लाखांचा विमा आहे, त्याशिवाय अनुग्रह रक्कमही, पण त्याच्या घराला नेहमीच्या जवानासारखी कौटुंबिक पेन्शन नाही. आपल्या गावातून जे अग्निवीर गेलेत त्यांच्या घरांकडं गावानं जास्त लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं. एकरकमी पैसा आला की त्याच्याभोवती सल्ला देणारे जमतात. कुणी प्लॉट दाखवतं, कुणी भिशी. त्या वेळी बँकेतल्या ठेवीचं, टपाल खात्याच्या मासिक योजनेचं समजावून सांगणारा एखादा निवृत्त बँकवाला शेजारी असला तर त्या घराचं पुढचं आयुष्य निभेल.

लातूरला शिकवणीच्या भागात एक मेस आहे. नाव लिहिलेलं त्या ताईंना आवडणार नाही. वीरपत्नीची किंवा फौजीची लेक 'नीट' परीक्षेच्या तयारीला आली आणि घरची अडचण आहे असं कळलं, तर त्या तिच्या डब्याचे पैसे घेत नाहीत. कुणी हे त्यांना सुचवलेलं नाही. त्यांचा भाऊ फौजेत आहे एवढंच. मी एकदा त्यांना ध्वजदिनाच्या कार्यक्रमाला चला म्हणालो. त्या म्हणाल्या, "सकाळी दीडशे डबे भरायचे असतेत भाऊ, कसं येऊ?" आणि परत पोळ्यांकडं वळल्या.

तर ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं असं. पैसे जरूर द्या, वर सांगितलेल्या वाटेनं द्या आणि पावती ठेवा. पण तुम्ही वकील असाल तर वर्षाला चार प्रतिज्ञापत्रं फुकट करून द्या. सेतू केंद्र चालवत असाल तर म्हाताऱ्या फौजीचा हयातीचा दाखला पैसे न घेता काढा. त्याच्यासाठी बोटाचा ठसा लागतो, आणि शेतात राबून ज्यांचे ठसे घासून गेलेत त्यांना चेहऱ्यावरून दाखला काढायची सोयही मोबाइलवर आहे, ती शिकून घ्या. डॉक्टर असाल तर ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड नसलेल्या बिनपेन्शनी म्हाताऱ्याकडून फी घेऊ नका. गाडी असेल तर महिन्यातून एकदा कुणाला तरी लातूरला नेऊन आणा.

आणि निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर, देवणी या बाजूला कुणाच्या गावात पेन्शन नसलेले जुने फौजी असतील, किंवा त्यांच्या मागं राहिलेल्या बायका असतील, तर त्यांना हा मजकूर वाचून दाखवा. डिस्चार्ज बुक शोधायला सांगा. बहुतेकांनी ते लोखंडी पेटीत, शेताच्या कागदांच्या खाली ठेवलेलं असतं. फाटलेलं असलं तरी चालतं, पण नंबर वाचता आला पाहिजे. अजिबातच सापडत नसेल तरी निराश होऊ नका. पलटणीचं नाव आणि भरतीचं साल आठवत असलं तरी सुरुवात करता येते. आठ हजारांचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच पुढं जातो. सोबत आधार, बँकेचं पासबुक, फोटो न्या, आणि जमलं तर घरातलं लिहितं-वाचतं एक माणूस न्या.